अ‍ॅबिगेल सतरा वर्षांची का झाली?

माझी लेक न्यू जर्सीत अकरावीला आहे. इथल्या पुष्कळ हायस्कुलांत अकरावी म्हणजे अमेरिकन साहित्याचं वर्ष. गेल्या महिन्यात वर्गात आर्थर मिलरचं ‘द क्रूसिबल’ चालू असताना ती एक वर्कशीट घेऊन घरी आली. डावीकडे नाटकातल्या बायकांची नावं, उजवीकडे रिकामे चौकोन, आणि वर निवडायला पाच शब्द. मराठीत सांगायचे तर देवी, मोहिनी, कजाग, अबला, चेटकीण. एलिझाबेथपुढे देवी, अ‍ॅबिगेलपुढे मोहिनी, टिट्युबापुढे अबला. माझी भाजी चिरून होईपर्यंत तिचा कागद भरून झाला होता. “एवढंच?” मी विचारलं. “एवढंच. फेमिनिस्ट लेन्स झाली, उद्या मार्क्सिस्ट लेन्स.” लेन्स म्हणजे पुस्तकाकडे बघायचा एकेका विचाराचा चष्मा.

त्याच सुमारास शाळेच्या वाचनयादीवरून पालकांत वाद पेटला होता. एका गटाचं म्हणणं, ही जुन्या गोऱ्या पुरुषांची पुस्तकं आता पुरे, त्यांतल्या बायका वाचून आमच्या मुलींनी काय शिकायचं? दुसऱ्या गटाचं म्हणणं, साहित्य साहित्य म्हणून शिकवा, त्यात स्त्रीवाद घुसवू नका. आमच्या मराठी पालकांच्या ग्रुपवरही हेच चाललं. बहुतेकांनी दुसरी बाजू घेतली, आणि तीही तावातावाने. मला दोन्ही बाजू ऐकताना एकच गोष्ट खटकत राहिली. दोघांनीही गृहीत धरलं आहे की पुस्तकात जे असतं ते इंजेक्शनसारखं थेट मुलांच्या रक्तात जातं. म्हणून एकाला सुई बदलायची आहे आणि दुसऱ्याला डॉक्टर. मूल वाचतं, अडखळतं, लेखकाशी भांडतं, हे कोणाच्या बोलण्यातच नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. अमेरिकन साहित्यातल्या स्त्रीच्या साचेबद्ध प्रतिमा हायस्कुलात शिकवल्याच पाहिजेत, आणि त्या ज्या पुस्तकांत आहेत ती पुस्तकंही तिथे राहिली पाहिजेत. पण शिकवणं म्हणजे ओळखपरेड नव्हे. ‘मोहिनी’ हा शब्द चौकोनात लिहिला की विचार संपतो. खरे प्रश्न तिथून पुढे सुरू होतात. लेखकाने हा साचा इथेच का वापरला? तो न वापरता गोष्टीचं काय अडलं असतं? आणि ही बाई आपल्याला दिसते आहे ती कोणाच्या डोळ्यांनी?

त्या रात्री आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर ‘क्रूसिबल’ घेऊन बसलो. हे नाटक १९५३ सालचं. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावात १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून खटले चालले, एकोणीस जणांना फाशी झाली. त्यांत चौदा बायका. एका म्हाताऱ्याला छातीवर दगड ठेवून ठेवून मारलं. मिलरने हा इतिहास घेतला तो मॅकार्थीच्या काळातल्या कम्युनिस्ट-शोधमोहिमेवर बोलण्यासाठी. त्याच्या नाटकात सगळ्या आगीची ठिणगी अ‍ॅबिगेल विल्यम्स ही सतरा वर्षांची मुलगी आहे. जॉन प्रॉक्टर या शेतकऱ्याशी तिचे संबंध होते, त्याने तिला झिडकारलं, आणि त्याच्या बायकोची, एलिझाबेथची, जागा मिळवण्यासाठी ती गाव पेटवते. आता इतिहास बघा. खरी अ‍ॅबिगेल तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. खरा प्रॉक्टर साठीला आलेला. त्या दोघांत काही संबंध असल्याचा पुरावा नाही. मुलीचं वय वाढवल्याचं मिलरने पुस्तकाच्या सुरुवातीच्या टिपणात स्वतःच सांगून टाकलं आहे. टिपण पहिल्या पानांतलं, म्हणून वर्गात कोणी वाचलेलं नव्हतं.

नाटककाराला इतिहास वाकवायचा हक्क आहे, याबद्दल माझं दुमत नाही. प्रश्न असा की वाकवल्यावर काय झालं? खऱ्या सेलममध्ये जमिनीची भांडणं होती, धर्मोपदेशकावरून पडलेली गावातली फूट होती, आणि आरोपीचं ‘रूप’ येऊन आपल्याला छळतं असं कोणी सांगितलं तर तो पुरावा म्हणून मानणारं न्यायालय होतं. नाटकात यातलं पुष्कळ आहे, पण ते मागे सरकतं आणि पुढे येते एका पोरीची वासना. मॅकार्थीच्या चौकशांमागे कोण झिडकारलेली मुलगी होती? तिथे दोषी होती ती सत्ता, आणि तिच्यापुढे मान तुकवणारे सभ्य लोक. म्हणजे मोहिनीचा साचा वापरल्याने मिलरचा स्वतःचाच राजकीय मुद्दा बोथट झाला. आणि शेवटच्या अंकात, नवरा फासावर जाण्याच्या पहाटे, एलिझाबेथ त्याला म्हणते की नवऱ्याचं पाऊल घसरायला बायको थंड असावी लागते. लेकीने ते वाक्य दोनदा वाचलं. “आई, ही माफी का मागतेय?” वर्कशीटमध्ये हिच्यापुढे ‘देवी’ लिहून ती मोकळी झाली होती. देवी माफी का मागते, हे विचारायला त्या कागदावर जागाच नव्हती.

आता विरोधी बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं घेते. ते असं की मुलं आधीच कमी वाचतात. त्यांच्या हातात पुस्तक देण्याआधीच संशय दिला, प्रत्येक पानावर लेखकाचा गुन्हा शोधायला लावलं, तर वाचनाची गोडी लागणार कधी? हे मला शंभर टक्के मान्य आहे. ज्या मुलाला पुस्तकात हरवून जाणं माहीत नाही त्याला पुस्तकाची चिकित्सा शिकवणं म्हणजे पोहायला न येणाऱ्याला प्रवाहाची दिशा समजावणं. पहिलं वाचन गोष्टीसाठीच व्हावं. मुलांनी प्रॉक्टरसाठी रडावं, अ‍ॅबिगेलवर चिडावं. मग शिक्षकाने विचारावं, तुम्ही तिच्यावर चिडलात, तर तुम्हाला चिडवायला लेखकाने काय काय केलं ते शोधा. यात गोडी कमी होत नाही. सरबत प्यायल्यावर त्यात काय काय घातलं होतं हे ओळखण्यातही मजा असतेच. गोडी मारतो तो चौकोनांचा कागद, आणि त्याबाबत मी या पालकांच्या बाजूने आहे.

पण यांचंच दुसरं म्हणणं मला पटत नाही. ‘त्या काळी असंच होतं, आजच्या फूटपट्टीने कालचं मोजू नका.’ हे वाक्य ऐकायला न्यायी वाटतं, पण ते त्या काळावरच अन्याय करतं. ‘त्या काळी’ म्हणजे कोणासाठी? हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी १८५० सालची. त्याआधी दोनच वर्षं, जुलै १८४८ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्सला बायकांनी परिषद भरवून मतदानाचा हक्क मागितला होता. मार्गारेट फुलरचं एकोणिसाव्या शतकातल्या स्त्रीवरचं पुस्तक १८४५ मध्ये आलं होतं, आणि हॉथॉर्न तिला चांगला ओळखत होता. १८५५ मध्ये त्याने आपल्या प्रकाशकाला पत्र लिहून तक्रार केली की सगळा देश या खरडणाऱ्या बायकांच्या मागे लागला आहे. म्हणजे बायका लिहीत होत्या, भरपूर खपत होत्या आणि त्याला खुपत होत्या. त्या काळी असंच नव्हतं. त्या काळी भांडण चालू होतं. आजची मुलं तो प्रश्न विचारतात तेव्हा त्या काळातलंच भांडण पुढे चालवतात.

आणि हे भांडण खुद्द हॉथॉर्नच्या पानांतही आहे. व्यभिचाराची शिक्षा म्हणून हेस्टर प्रिनला छातीवर ‘ए’ अक्षर लावायला लागतं. ती ते सोन्याच्या जरीने इतकं देखणं भरते की बघणाऱ्या बायकांचाच जळफळाट होतो. पुढे एका प्रकरणात ती एकटी बसून सगळ्या स्त्रीजातीच्या जगण्याचा विचार करते. स्त्री-पुरुषांचं नातं सुधारायचं तर समाजाची रचनाच मोडून नव्याने बांधावी लागेल, इथपर्यंत येते. मग लेखक घाबरल्यासारखा तिला आवरतो. शेवटी तर तिच्याच तोंडून वदवतो की हे नवं सत्य सांगणारी स्त्री निष्कलंक असायला हवी, आपण ती नव्हे. जरीचं अक्षरही हॉथॉर्नचं आणि हे आवरणंही त्याचंच. ‘पतिता’ असं चौकोनात लिहिणाऱ्याच्या हातून यातलं सगळंच निसटतं.

आमच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं की हे सगळं आजकालचं अमेरिकन खूळ आहे. काकांचा मी आदर करते, पण इथे त्यांना आपल्याच घरातली माणसं आठवली नाहीत. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं. बायकांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण घेऊन तो पुरुषांत नाही का, असं त्या विचारत गेल्या, आणि तेव्हाच्या गोष्टी-नाटकांत बायका कशा रंगवल्या जातात त्यावरही त्यांनी बोट ठेवलं. त्यांच्याकडे कुठली लेन्स होती? पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेत आल्या, जवळपास तीन वर्षं हा देश फिरल्या, आणि १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. इथल्या बायकांचं शिक्षण, त्यांच्या संस्था, हक्कांसाठीची त्यांची धडपड हे सगळं त्यांनी मराठी वाचकांपुढे ठेवलं. अमेरिकेतल्या बाईकडे मराठीतून निरखून बघायला आम्ही काल शिकलेलो नाही.

खुळाचाच मुद्दा निघाला आहे तर सेलमकडे पुन्हा एकदा वळते. तिथे सर्वांत आधी ज्या तिघींवर आरोप झाला त्यांत एक गुलाम होती, टिट्युबा. दुसरी सेरा गुड, दारोदार भीक मागणारी आणि तोंडाने फटकळ. तिसरी सेरा ऑस्बर्न, चर्चला न जाणारी आणि मालमत्तेच्या वादात अडकलेली. आरोप सिद्ध करायला फार काही लागलं नाही, कारण वाईट बाई कशी असते हे गावाला आधीच ठाऊक होतं. सेरा गुडला फाशी झाली, सेरा ऑस्बर्न तुरुंगात मेली. नंदुरबारकडच्या वाचकाला ‘डाकीण’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. साचा म्हणजे वाङ्मयाच्या तासाला शिकवायची एक संज्ञा, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे आठवून बघावं. काही वेळा साचा हाच पुरावा होतो.

म्हणूनच मला स्टाइनबेकच्या ‘ऑफ माइस अँड मेन’मधला एक प्रसंग वर्गात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९३७ सालची ही छोटी कादंबरी. कॅलिफोर्नियातला रँच, सगळे पुरुष मजूर, आणि एकच बाई, मालकाच्या मुलाची बायको. तिला अख्ख्या पुस्तकात नाव नाही. ती नुसती ‘कर्लीची बायको’. ती दारात उभी राहिली की पुरुष तिला भानगड म्हणतात. पण ती एका रात्री क्रुक्स या काळ्या मजुराच्या खोलीत येते, आणि तो तिला बाहेर जा म्हणतो तेव्हा ती थंडपणे सांगते की तुला झाडाला टांगायला लावणं मला किती सोपं आहे माहीत आहे ना. क्रुक्स तिथल्या तिथे मिटून जातो. जिला स्वतःचं नाव नाही, बोलायला माणूस नाही, तिच्या हातात हे एवढं मोठं हत्यार कुठून आलं? उत्तर आहे ‘पवित्र गोरी स्त्री’. हाही एक साचाच, दिसायला गौरवाचा. त्याच्या नावाखाली अमेरिकेच्या दक्षिणेत किती काळ्या पुरुषांना जमावाने मारलं! आयडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार बाईने १८९२ मध्ये मेंफिसमधून लिहिलं की गोऱ्या बाईच्या अब्रूचं कारण पुष्कळदा निव्वळ खोटं असतं. ती गावाबाहेर असताना जमावाने तिच्या वर्तमानपत्राची कचेरी मोडली. १९३१ मध्ये अलाबामात स्कॉट्सबरो प्रकरणात दोन गोऱ्या तरुणींनी केलेल्या बलात्काराच्या आरोपावरून नऊ काळी पोरं मरणाच्या दारात उभी राहिली. त्यांतल्या एकीने पुढे कोर्टात सांगितलं की असं काही घडलंच नव्हतं. स्त्रीच्या साच्यांचा विषय फक्त मुलींचा आहे, मुलग्यांना त्यातून फक्त बोलणी बसतात, असं म्हणणाऱ्या पालकांना मी क्रुक्सच्या खोलीतली ती दोन पानं वाचायला सांगेन. मुलगे चिडतात, मान डोलावतात, काही गप्प होतात. पण आपल्यावर खटला चाललाय असं त्यांना तिथे वाटत नाही, कारण तिथे सगळ्यांचंच काही ना काही पणाला लागलेलं आहे.

कर्लीच्या बायकोबद्दल आणखी एक. या कादंबरीवरच्या नाटकात ही भूमिका करणाऱ्या नटीला, क्लेअर लूसला, स्टाइनबेकने १९३८ मध्ये पत्र लिहून समजावलं की हिने स्वतःभोवती उभी केलेली सगळी कवचं फोडली तर आत एक भली मुलगी सापडेल. म्हणजे लेखकाला ती माहीत होती. मग पुस्तकात ती भली, साधी, सुंदर दिसते कधी? मेल्यावर. गवतात पडलेल्या तिच्या चेहऱ्यावरून सगळा कावेबाजपणा, सगळी तगमग निघून गेली, असं तो लिहितो. हे वाक्य सोळा वर्षांच्या मुलांपुढे ठेवा आणि काही बोलू नका. त्यांना दिसतं.

फिट्झेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीबद्दल एवढंच सांगते की तिची नायिका डेझी आपल्या मुलीबद्दल म्हणते ते प्रसिद्ध वाक्य, ही सुंदर आणि मूर्ख निघावी, हे लेखकाने आपली बायको झेल्डा हिच्या तोंडून १९२१ मध्ये मुलीच्या जन्मानंतर ऐकलेल्या शब्दांवरून घेतलं आहे. डेझीला उथळ ठरवण्याआधी ते कळलेलं बरं.

आता जुनी पुस्तकं पुरे म्हणणाऱ्या पहिल्या गटाकडे येते, कारण त्यांचं दुखणं खरं आहे. शाळेचं वर्ष मोजक्या आठवड्यांचं असतं, एक पुस्तक ठेवलं की दुसरं बाहेर राहतं. आर्थर अ‍ॅपलबी या अभ्यासकाने १९८९ मध्ये अमेरिकन हायस्कुलांत सर्वाधिक शिकवल्या जाणाऱ्या पुस्तकांची पाहणी केली तेव्हा पहिल्या दहांत एकच लेखिका होती, हार्पर ली. ही यादी निसर्गाने केलेली नाही, ती बदललीच पाहिजे. पण पुस्तकं काढून टाकल्याने साचे जातील, हे मला पटत नाही. हार्पर लीच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मध्येच बघा. कॅल्पर्निया ही काळी स्वयंपाकीण म्हणजे गोऱ्यांच्या लेकरांना माया लावणारी, स्वतःचं काही न मागणारी दाई, अमेरिकन साहित्यातला घट्ट बसलेला साचा. लेखिका बाई असूनही तो तिथे आहे. पण त्याच पुस्तकात ती मुलांना आपल्या चर्चमध्ये घेऊन जाते, तिथे आपल्या लोकांशी वेगळ्याच बोलीत बोलते, आणि त्यांतल्या स्काउट या लहानग्या मुलीला पहिल्यांदा कळतं की या बाईला आमच्या घराबाहेरही एक आयुष्य आहे. ही फट बघायला शिकलेली मुलगी पुढे कोणाचंही पुस्तक उघडेल तेव्हा ती फट शोधेल. लेखिकांची नवी यादी दिली आणि ही नजर दिली नाही, तर नवे साचे तशाच भक्तिभावाने पाठ होतील. ‘कणखर नायिका’ हाही आता बऱ्यापैकी छापील माल झाला आहे.

यावर मी शाळेला सुचवलं ते असं की पुस्तकं जोडीने वाचा. झोरा नील हर्स्टन या काळ्या लेखिकेची ‘देअर आईज वेअर वॉचिंग गॉड’ ही १९३७ चीच, ‘ऑफ माइस अँड मेन’च्याच वर्षाची. तिच्यातल्या जेनीला आजी सांगते की या जगात काळी बाई म्हणजे ओझ्याचं खेचर. जेनीचा दुसरा नवरा तिला दुकानात केस फडक्यात बांधून ठेवायला लावतो, कारण ते दुसऱ्यांनी बघितलेले त्याला खपत नाहीत. तो मेल्यावर ती आरशासमोर फडकं सोडते. पण हर्स्टनही जेनीला सरळ सुखात नेऊन बसवत नाही. ज्याच्यावर तिचं प्रेम बसतं तो टी केकही एकदा तिला मारतो, केवळ लोकांना दाखवायला. या पुस्तकावर तेव्हा रिचर्ड राइटसारख्या मोठ्या लेखकाने कडक टीका केली. हर्स्टन १९६० मध्ये गरिबीत गेली, तिच्या थडग्यावर नावही नव्हतं. १९७३ मध्ये लेखिका अ‍ॅलिस वॉकरने फ्लोरिडात जाऊन ते शोधलं आणि तिथे दगड बसवला. एकाच वर्षाची दोन पुस्तकं. एक देशभरच्या वर्गांत पोचलं, दुसरं दीर्घकाळ छापलंही जात नव्हतं. हे शेजारी ठेवून वाचण्यात जेवढं शिकवणं आहे तेवढं कुठलं एक पुस्तक ठेवण्या-काढण्यात आहे?

त्यासाठी शिक्षकाला वेळ लागेल, हे खरं. तीन लेन्स तीन दिवसांत उरकण्याच्या जागी एक नाटक तीन आठवडे वाचावं लागेल. वाद घालायचाच असेल तर पालकांनी या तीन आठवड्यांसाठी घालावा. त्यासाठी पुढच्या पालकसभेत मी हात वर करणार आहे, आणि ग्रुपवरच्या काकांनाही बरोबर नेणार आहे. ते यायला तयार आहेत.

त्या रात्री लेकीने झोपायच्या आधी ‘क्रूसिबल’चं शेवटचं पान उघडलं. पडदा पडल्यानंतर मिलरने पुढे कोणाचं काय झालं याच्या चार ओळी दिल्या आहेत. त्यांत लिहिलंय, अ‍ॅबिगेल नंतर बॉस्टनमध्ये वेश्या म्हणून आढळली अशी दंतकथा आहे. लेकीने लॅपटॉप उघडून तासभर शोधलं. खटल्यानंतर त्या मुलीची कुठेच नोंद नाही. कागदपत्रांतून ती नाहीशीच होते, अकरा-बारा वर्षांची. लेकीने वर्कशीट पुन्हा काढली, ‘मोहिनी’ खोडलं, आणि चौकोनात मावेल एवढ्या बारीक अक्षरात लिहिलं: ही दंतकथा कोणी सांगितली?